आईच्या कापूस वेचणीवर छोटी डान्स फिल्म करायचीय, शब्दांशिवाय पोचेल का?

पांझराकाठची
नमस्कार मंडळी, मी धुळ्याची. भरतनाट्यम शिकलेय, आता कंटेम्पररी करते. चार-पाच मिनिटांची फिल्म करायचीय, संवाद नाही, गाणं नाही, नुसती हालचाल. विषय माझी आई. तिने आयुष्यभर कापूस वेचला, आधी लोकांच्या वावरात मग आमच्या, आणि आता काम सुटलं तरी हात काही स्वस्थ बसत नाहीत, टीव्ही बघता बघता बोटं पदराचं टोक वेचत असतात, तिला स्वतःला कळतही नाही. मला तेच धरायचंय. तालमीत करून दाखवलं तर सगळे म्हणाले छान आहे पण स्टोरी काय? स्टोरी हीच आहे ना, हात थांबत नाहीत ही. पण बघणाऱ्याला ते कसं पोचवायचं, आणि आईलाच कॅमेऱ्यासमोर घ्यावं की मी आई व्हावं? आई म्हणते, "मी काय नाचस का, मी ते कापूस येचस." आमच्याकडे एक मोबाईल आहे आणि शूट करायला एक मैत्रीण, बाकी काही नाही.

एडिटवाला भुसावळ
ताई, स्टोरी विचारणाऱ्यांना विचारू द्या. पण एक गोष्ट आत्ताच ठरवा, स्टेजवरचा नाच मोबाईलवर रेकॉर्ड करायचाय की फिल्म करायचीय, कारण ही दोन वेगळी कामं आहेत. माया डेरेन या अमेरिकेतल्या प्रयोगशील फिल्मकार, त्यांची १९४५ ची एक फिल्म आहे, जेमतेम तीन मिनिटांची, ए स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा. त्यात टॅली बीटी नावाचा नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो थेट एका घरातल्या खोलीत. पाऊल एकच, जागा दोन. हे कुठल्याच स्टेजवर होऊ शकत नाही, ते फक्त कटमध्ये होतं, म्हणजे एक शॉट तोडून दुसरा जोडतो तिथे. म्हणजे तिथे कटच नाचतो.
तुमचं तर आयतंच आहे. वावरात हात बोंडाकडे जातो, कट, घरात तोच हात पदराचं टोक उचलतो. हात त्याच दिशेने, त्याच वेगाने जायला पाहिजे आणि कट हालचालीच्या मधोमध मारायचा, हात थांबल्यावर मारला की जोड उघडा पडतो. असे दोन-तीन कट नीट जमले की स्टोरी काय हे कोणी विचारणार नाही. आणि हात जवळून घ्या, चेहरा नंतर, शक्यतो अगदी शेवटीच.
इव्हॉन रेनर या अमेरिकन नर्तिकेची हँड मूव्हीपण बघा, १९६६ ची. ऑपरेशननंतर ती हॉस्पिटलमध्ये पडून होती, नाचता येत नव्हतं, तर फक्त एका हाताची फिल्म केली. काळ्या-पांढऱ्या रंगात, आवाज नाही, बोटं वळतात, एकमेकांवर घासतात, बस एवढंच. पण नजर हलत नाही आपली.

केळीपट्टा
स्लो मोशन टाका, भारी दिसेल.

वावरातली
स्लो मोशन अजिबात नको भाऊ, सगळा अर्थच जाईल. मी स्वतः वेचलाय म्हणून सांगते. मजुरी किलोवर मिळते म्हणून हात पळतो, तो काही हौसेने पळत नाही. दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर चालू असतात, मुठीत मावेल तेवढं झालं की कमरेला बांधलेल्या ओटीत, नजर तोवर पुढच्या झाडावर गेलेली असते. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात, सकाळी दव असलं की बोटं गार पडतात, थंडीत भेगा पडतात त्या वेगळ्याच. आणि फक्त हातच बघू नका, ओटी भरत जाते तशी बाईची चाल बदलते. आधी वाकून चालणारी बाई हळूहळू मागे रेलायला लागते, पाय फाकतात, अगदी दिवस भरत आलेल्या बाईसारखी चाल होते. संध्याकाळी ओटी सुटली की अंग एकदम पुढे येतं, तोल सावरावा लागतो. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत पण नाच यातच आहे सगळा. तालमीत कमरेला खरंच वजन बांधून बघ, नुसता अभिनय केलास तर खेड्यातल्या बायका लगेच ओळखतील.
आणि आईला घे. तिने नाचायची गरज नाही.

सातपुड्याचा वारा
लोकेशनचं एक सुचवतो, काठी गावच्या होळीचे शॉट मिसळले तर? मोरपिसं, कमरेचे घुंगरू, ढोल, नंदुरबारकडचं जबरदस्त दृश्य आहे.

एडिटवाला भुसावळ
दृश्य जबरदस्तच आहे पण या फिल्ममध्ये नको. तिथले नाचणारे नवस म्हणून नाचतात, आधी काही दिवस पाळणूक असते. त्यांची श्रद्धा आपल्या फिल्ममध्ये रंग भरायला वापरणं बरं नाही. करायची तर त्यांना विचारून, त्यांच्यासोबत वेगळी करा. इथे ताईंच्या आईचे हात पुरेसे आहेत.
वाढवायचंच असेल तर तीच हालचाल पुन्हा पुन्हा येऊ द्या. अ‍ॅन तेरेसा दि केअर्समाकर या बेल्जियमच्या नृत्यदिग्दर्शिकेची रोझास डान्स्ट रोझास ही नृत्यरचना १९८३ ची, त्या रचनेवर १९९७ मध्ये तिएरी दे मे यांनी फिल्म केली, एका रिकाम्या शाळेच्या इमारतीत. केसातून हात फिरवणं, कपड्याचा गळा सारखा करणं, खुर्चीत कोसळणं, असल्याच साध्या गोष्टी, पण इतक्यांदा येतात की बघणाऱ्याचं अंग दुखायला लागतं. वेचणीचं तसंच आहे.

पांझराकाठची
वावरातली ताई, दिवस भरलेल्या बाईची चाल वाचून अंगावर काटा आला, आई अजूनही तशीच रेलून चालते आणि मला वाटायचं गुडघ्यांमुळे. आता ठरलं, वावरात मी, घरात आई, मधे कट. तिला नुसतं टीव्हीसमोर बसवायचं, अर्थात आधी नीट सांगून. फक्त घरात ट्यूबलाइट आहे, मोबाईलमध्ये पट्टे येतात.

एडिटवाला भुसावळ
आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करा, शटर १/५० सेकंद. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यात हे नसतं, मॅन्युअल सेटिंगवालं अ‍ॅप घ्या, एक्स्पोजर म्हणजे उजेडाचं प्रमाणही लॉक करा नाहीतर पांढरा कापूस फ्रेममध्ये आला की चेहरा काळा पडतो. त्यापेक्षा सरळ ट्यूब बंद करून आईला खिडकीशी बसवा. आवाज वेगळा घ्या, बोंडातून कापूस सुटतो तो बारीक आवाज शूटच्या वेळी वाऱ्यात ऐकू येणार नाही.

पांझराकाठची
आवाज घरीच बंद खोलीत घेते, वाळलेली बोंडं आहेत माळ्यावर. अमळनेर-चोपडा बाजूला कोणाच्या वावरात कापूस अजून उभा असेल तर कळवा, पहाटे येऊ, वेचलेला सगळा कापूस मालकाकडे मोजून देऊ.