कलम ६३ च्या सर्टिफिकेटवर एमडी५ ला टिक करणं थांबवा

हॅशवाला
काल इथे एका वकीलसाहेबांनी लिहिलं की एमडी५ (फाइलवरून गणिताने निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा म्हणजे हॅश, तो काढायची ही एक जुनी पद्धत) तुटला ही कॉम्प्युटरवाल्यांची पुस्तकी ओरड आहे, कोर्टात कुणाचं काही अडलेलं नाही, नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या फॉर्मवर, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या सर्टिफिकेटवर, कायद्यानेच तो पर्याय दिलाय तर बिनधास्त टिक करा. वाचून डोकं उठलं. त्या फॉर्मवर शा-१, शा-२५६, एमडी५ आणि इतर असं सगळं शेजारी शेजारी छापलंय, जणू काही तिन्ही एकाच लायकीचे. कायदा लागू झाला १ जुलै २०२४ ला आणि एमडी५ चं कोलिजन, म्हणजे दोन वेगळ्या फायलींचा एकच हॅश, चिनी संशोधक श्याओयुन वांग आणि त्यांच्या टीमने जाहीर केलं २००४ मध्ये. वीस वर्षं! आज साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत एकाच एमडी५ च्या दोन वेगळ्या फायली निघतात. शा-१ चं पण तेच, २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने एकाच हॅशच्या दोन पीडीएफ जगासमोर ठेवल्या. आणि आपण आत्ता बनवलेल्या फॉर्मवर हे दोन्ही छापतो.

कोर्टकचेरी
ती पोस्ट माझीच. आधी कोलिजन म्हणजे काय ते नीट सांगा ना लोकांना. दोन्ही फायली हल्लेखोराने स्वतः बनवायच्या असतात. पोलिसांनी मोबाइल जप्त केला, इमेज म्हणजे आतल्या डेटाची हुबेहूब कॉपी काढली, एमडी५ पंचनाम्यात लिहिला, सह्या झाल्या. आता त्याच हॅशची दुसरी फाइल बनवून दाखवा. ते सेकंड प्रीइमेज झालं, आणि एमडी५ उलटा फिरवायचा २००९ चा जो हल्ला आहे त्यालाही २ चा १२३ वा घात इतकं काम लागतं, म्हणजे कुणाच्या बापाला जमणार नाही. तुम्ही असं लिहिता आणि उद्या आरोपीचा वकील तेच वाचून दाखवून चांगला पुरावा उडवतो. अशिलाचं नुकसान मी भोगतो, तुम्ही नाही.

हॅशवाला
जप्तीनंतरचं तुमचं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण प्रत्येक फाइल जप्तीतून येते का? सर्टिफिकेटचा भाग अ, फाइल देणाऱ्याचा, कोण भरतो? दुकानदार, सोसायटीचा सेक्रेटरी, कधी फिर्यादी स्वतः. फाइल देणाऱ्यानेच आधी जोडी बनवून ठेवली असेल, एक तुम्हाला दिली आणि दुसरी खिशात, आणि वर्षभराने म्हणाला की मी तर ही दिली होती, हॅश बघा, जुळतोय, तर तुम्ही काय करणार? २००७ पासून पूर्ण वेगळी सुरुवात असलेल्या दोन फायलींनाही शेपूट जोडून एकाच एमडी५ वर आणता येतं. २०० प्लेस्टेशन-३ जोडून संशोधकांनी अख्खं खोटं सीए सर्टिफिकेट (वेबसाइट खरी आहे असं ब्राउझरला सांगणाऱ्या संस्थेचं) बनवलं, ब्राउझर मान्य करतील असं, आणि २००८ च्या डिसेंबरात बर्लिनला दाखवलं. २०१२ चा फ्लेम मालवेअर मायक्रोसॉफ्टची खोटी डिजिटल सही लावून फिरत होता तो याच रस्त्याने. यात कुठेही सेकंड प्रीइमेज लागलं नाही.

मीनाक्षी_डेव्ह
कोर्टाचं सोडा, मी ज्या कंपनीत होते तिथे ग्राहकांचे पासवर्ड सरळ एमडी५ करून ठेवलेले, सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायची वेगळी रँडम अक्षरं) नाही काही नाही, सांगितलं तर मॅनेजर म्हणतो क्लायंटने तक्रार केली का? शेवटी शा-२५६ केला आणि ऑडिटला दाखवलं की झालं सुरक्षित. संताप होतो.

हॅशवाला
ताई, पासवर्डचा कोलिजनशी संबंध नाही. तिथे हॅश फार वेगाने निघतो, चोर भराभर पासवर्ड लावून बघतो, हाच रोग आहे, शा-२५६ ने तो जात नाही, बीक्रिप्ट नाहीतर आर्गॉन२ असा मुद्दाम संथ हॅश लागतो. वेगळा धागा काढा, मी येतो.

नागपुरी_टर्मिनल
अरे बा, तुम्ही कोलिजनवर भांडून राहिले, इकडे हॅश काढतेच कोण? आमच्या भावाच्या केसमध्ये फोटो व्हॉट्सॲपवर आला, तिथून दुसऱ्याच्या फोनवर, मग पेनड्राइव्हवर. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, मूळ हॅश तिथेच गेला. हॅश काढला तो शेवटच्या कॉपीचा! शा-२५६ होता, मजबूत होता, काय उपयोग?

सोलापूरकर
+१. आणि सीसीटीव्हीचं तर विचारूच नका, डीव्हीआरमधून (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) एव्हीआय व्हिडिओ फाइलमध्ये काढलं की फाइल नव्याने लिहिली जाते, हॅश बदलणारच. समोरचे वकील उभे राहिले, छेडछाड झाली म्हणून. त्याहून कहर म्हणजे एका तारखेला सर्टिफिकेटवर हॅश कॅपिटल अक्षरांत आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये स्मॉल, त्यावर अर्धा तास वाद, दोन्ही वेगळे आहेत म्हणून! हॅशमध्ये अंकांसोबत ए ते एफ ही अक्षरं पण अंक म्हणूनच येतात, मोठी लिहा की छोटी, आकडा तोच ना? कोण समजावणार.

कोर्टकचेरी
बघा, हेच म्हणतोय मी. जमिनीवरचे प्रश्न हे आहेत. हॅश जागेवर काढला का, पंचांसमोर काढला का, राइट ब्लॉकर (कॉपी काढताना मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं यंत्र) लावला होता का. त्याऐवजी हे साहेब प्लेस्टेशन सांगतायत. कोर्टाची पायरी चढलाय का कधी?

हॅशवाला
चढलोय, साक्षीदार म्हणून, आणि उलटतपासणीत मला एकच प्रश्न होता, एमडी५ विश्वासार्ह आहे का हो की नाही. शपथेवर काय सांगू? "हो" म्हटलं तर खोटं, "नाही" म्हटलं तर तुमचा चांगला पुरावा गेला. शा-२५६ असता तर प्रश्नच आला नसता. त्याच टूलमध्ये, त्याच बटणाखाली, एक पैसा जास्त न देता मिळतो तो. पायरीचं नंतर काढा.

सोलापूरकर
दोघं जरा दमाने घ्या. पण साहेब, पेनड्राइव्ह महिनाभर कुणाच्यातरी ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर तुमचा शा-२५६ पण फक्त महिन्यानंतरचंच सांगणार ना?

हॅशवाला
तेवढंच सांगणार. त्याआधीचं कोणताच हॅश सांगत नाही, त्यासाठी कुणाच्या ताब्यात कधी होतं ते लिहावंच लागतं. म्हणून जागेवर काढा, आणि काढायचाच आहे तर चांगला काढा. दोन्ही करा म्हणतोय मी.

कोर्टकचेरी
बरं. नव्या प्रकरणांत शा-२५६ लिहायला सांगेन, फुकट आहे म्हणून. पण एमडी५ वाली जुनी प्रकरणं चालू आहेत, त्यात जप्ती पोलिसांची होती, तिथे पुरावा पक्का आहे यावर मी ठाम आहे आणि तसाच युक्तिवाद करणार.

हॅशवाला
करा. फक्त फाइल देणारा तिसराच असेल तिथे करू नका.

नागपुरी_टर्मिनल
आणि तो व्हॉट्सॲपचा फोटो? त्याचं कोणी सांगून नाही राहिलं.