पार्किंगमध्ये रिव्हर्स येऊन ठोकलं, चूक कोणाची आणि क्लेम कोणाच्या पॉलिसीतून? (इंदूर)

सुदामानगरची:
नमस्कार मंडळी, जरा लवकर सल्ला हवाय. रविवारी संध्याकाळी विजयनगरच्या एका मॉलच्या बेसमेंटमध्ये मी जागा शोधत हळू चालले होते, सासूबाई मागे बसलेल्या, आणि डावीकडच्या रांगेतून एक मोठी पांढरी गाडी रिव्हर्स आली ती थेट माझ्या मागच्या डाव्या दारावर. दार आत गेलंय, हँडलखाली वीतभर पांढरा रंग घासलाय. सासूबाईंना लागलं नाही पण अजून घाबरलेल्या आहेत. तो माणूस उतरल्या उतरल्या "मॅडम, आप तेज आ रही थीं", आणि गार्ड म्हणे "भिया आपस में निपटा लो, पीछे लाइन लग रही है". गाडीचा नंबर आणि दोन फोटो घेतले, त्याने मोबाईल नंबर दिला आणि "इन्शुरन्स से करा लो" म्हणून निघून गेला. एस्टिमेट १८,५००. माझी गाडी साडेतीन वर्षांची, फुल पॉलिसी आहे पण झिरो डेप (क्लेममध्ये पार्टवर घसारा न कापणारं कव्हर) नाही, आजवर एकही क्लेम नाही. चूक त्याची असताना माझ्या पॉलिसीतून का करायचं?

राजवाडाकाका:
ताई, बाकी सगळं नंतर, उद्या सकाळी मॉलच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या की अमुक वेळेचं फुटेज सांभाळून ठेवा, आणि आपल्या कॉपीवर शिक्का घ्या. थोड्या दिवसांत जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं, मग कोणी काही करू शकत नाही.
चूक कोणाची म्हणाल तर रिव्हर्स घेणाऱ्याने मागे मोकळं आहे याची खात्री करूनच गाडी काढायची, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्ये तसं आहे. आणि मार बसला मागच्या दाराला, म्हणजे तुमची अर्धी गाडी त्याच्या मागून पुढे गेली होती तेव्हा तो निघाला.

महूवाला:
काका, दारावरून वेग नाही कळत. जोरात जाणाऱ्या गाडीलाही मागच्याच दारावर लागू शकतं, आणि अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं ट्रिब्युनल दोघांमध्ये चूक वाटूनही देतं. म्हणून फुटेजशिवाय भांडू नका. मॉलवालेही काही देणार नाहीत कारण गाडी तुम्ही स्वतः चालवत होतात. व्हॅलेटला चावी दिली असती तर वेगळं, गाडी सांभाळायची जबाबदारी त्यांची, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका हॉटेलच्या केसमध्ये सांगितलंय की नुसता 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) असं लिहून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही.

विमावाली_वहिनी:
मी बरीच वर्षं क्लेमचं काम केलंय म्हणून सविस्तर लिहिते. त्याच्या थर्ड पार्टीतून (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्यातून) मिळू शकतं, खाजगी गाडीला दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं, पण त्यासाठी मोटर क्लेम ट्रिब्युनलमध्ये सहा महिन्यांच्या आत अर्ज, पोलीस रिपोर्ट, वकील, तारखा, आणि चूक त्याची हे तुम्ही सिद्ध करायचं. १८,५०० साठी मी कोणाला तिकडे पाठवणार नाही. तुमच्या पॉलिसीतल्या ओन डॅमेजमध्ये (ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही.
आता हिशोब करा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला फाईल चार्ज (क्लेममध्ये आपण सोसायचा ठरलेला वाटा) १,००० कापतील. दार बदललं तर तुमच्या गाडीच्या वयाला लोखंडी पार्टवर २५% घसारा लागेल, पण डेंटिंगमध्ये काम होत असेल तर मजुरीवर कपात नाही, फक्त रंगाच्या मालावर ५०%. म्हणजे हातात साधारण १६ हजार. उलट बाजूला एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जाईल: ओडी प्रीमियम समजा ६,००० असेल तर रिन्युअलला मिळणारे ४५% म्हणजे २,७०० गेले, त्याच्या पुढच्या वर्षी ५० च्या जागी २०% म्हणजे आणखी १,८००, असं करत पाच वर्षांत ७ हजारांच्या आसपास. तरी क्लेम परवडतो. पाच-सहा हजारांचं काम असतं तर मीच म्हटलं असतं खिशातून करा.
आणि कृपा करून कुठल्याही कागदावर "माझी चूक झाली" किंवा "तक्रार नाही" असं लिहून देऊ नका. एमपरिवहन या सरकारी ॲपवर त्याच्या गाडीचा नंबर टाका, इन्शुरन्स चालू आहे का ते दिसेल.

सुदामानगरची:
वहिनी, काका, मनापासून आभार. आज गेले होते. केबिनमधल्या मॉनिटरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे, त्यामुळे आधी सापडेचना, मग गार्डनेच मागेपुढे करून शोधून दिलं. अगदी स्पष्ट दिसतंय, माझे ब्रेक लाइट आधी लागतात, गाडी थांबते, आणि मग त्याचे रिव्हर्सचे पांढरे लाइट लागतात. मी थांबले होते हो! सासूबाईंना दाखवलं तेव्हा त्यांनाही बरं वाटलं. अर्जावर शिक्का घेतला, त्या माणसाला क्लिप पाठवली आणि फाईल चार्ज तरी द्या असं लिहिलं, अजून उत्तर नाही. क्लेम टाकलाय, बुधवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला येतोय.

विमावाली_वहिनी:
छान केलंत. तोवर दार ठोकून घेऊ नका, गाडी धुवायलाही देऊ नका, तो पांढरा रंग सर्व्हेअरला तसाच दिसू दे.