कीर्तनं आणि गाणी वेगळी ठेवा

गाणी, कीर्तनं, कथाकथन असं सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकून जेलीफिनला (आपल्या संगणकावरची गाणी-व्हिडिओ घरातल्या इतर उपकरणांवर वाजवणारा सर्व्हर) दाखवलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. चालेल, पण शफल लावलं की दोन भावगीतांच्या मधे कुणाच्या तरी कीर्तनाचा उत्तररंग सुरू होईल! बोललेल्या मजकुरासाठी ऑडिओबुकशेल्फ हा ऑडिओबुकांचा सर्व्हर वेगळा बसवा. कुठपर्यंत ऐकलं ते तो लक्षात ठेवतो, त्यामुळे फोनवर अर्धवट सोडलेलं कीर्तन लॅपटॉपवर तिथूनच पुढे चालू होतं. त्याला आधी लेखकाचा फोल्डर, त्यात पुस्तकाचा फोल्डर अशी रचना आवडते. लेखकाच्या जागी कीर्तनकाराचं नाव टाकलं की झालं.

गाण्यांसाठी नॅव्हिड्रोम हे संगीत सर्व्हरचं सॉफ्टवेअर हलकं आहे, रास्पबेरी पायसारख्या छोट्याशा संगणकावरही पळतं. मात्र ते फोल्डरपेक्षा टॅगवर, म्हणजे फायलीतच लिहिलेल्या गायक-अल्बम वगैरे नोंदींवर विसंबतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि तेच रोमन लिपीत, म्हणजे तीन वेगळे गायक! एक रूप ठरवा आणि एमपीथ्रीटॅग या टॅग बदलायच्या प्रोग्रामने सगळीकडे तेच भरा. नाट्यसंगीताच्या संग्रहात प्रत्येक पदाचा गायक वेगळा असतो. तिथे 'अल्बम आर्टिस्ट' सगळ्या पदांना एकच द्या, नाहीतर एका कॅसेटचे आठ अल्बम होतात. रागाचं नाव मी सरळ शीर्षकातच लिहितो, शोधायला सोपं जातं.

आपोआप टॅग भरणारा पिकार्ड हा प्रोग्राम इंग्रजी अल्बमना झकास, पण घरच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फायलींना हातानेच टॅग द्यावे लागतात. आणि हो, टॅग बदलण्याआधी मूळ फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.