वर्ध्याहून रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात कसं यावं?

वर्ध्याची_वाचक:
येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला कविवर्य सुरेश भट सभागृहात नाटक आहे. मी आणि आई येणार. आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे, जिने आणि फार चालणं नको. स्कूटी वर्धा स्टेशनच्या स्टँडवर ठेवून ट्रेनने यायचा विचार आहे. नागपूर स्टेशनवरून मेट्रो आहे म्हणतात, पण नकाशात रेशीमबाग नावाचं स्टेशनच सापडत नाही. परतीचंही सांगा.

धरमपेठी:
नागपूर स्टेशनलाच मेट्रो आहे. एक स्टेशन पुढे कॉटन मार्केटला उतरा आणि ऑटो करा. एसी, स्वच्छ, लिफ्टची सोय. मी तर रोज मेट्रोनेच फिरतो.

सक्करदरा_कट्टा:
एका स्टेशनासाठी म्हाताऱ्या माणसाले वर चढवायचं अन् पुन्हा उतरवायचं, कायले बावा? तुमच्या धरमपेठेतून बर्डीले यायले मेट्रो झकास आहे, पण रेशीमबागेले ती जातच नाही. ऑरेंज लाइन वर्धा रोडनं खापरीले जाते, अ‍ॅक्वा लोकमान्य नगरहून प्रजापती नगरले. आमचा भाग मधातच राहून गेला.

ताई, वर्ध्याकडून येताना नागपूरच्या आधी अजनी लागते. तुमची गाडी तिथं थांबत असेल (सगळ्या थांबत नाहीत) तर अजनीलेच उतरा. तिथून ऑटोनं मेडिकल चौक अन् पुढं रेशीमबाग. फक्त मेट्रोच्या 'अजनी चौक' स्टेशनात गल्लत करू नका. ते वर्धा रोडवर आहे, रेल्वेच्या अजनीपाशी नाही. रेल्वेच्या अजनीले जवळचं मेट्रो स्टेशन म्हणजे काँग्रेस नगर.

पण मले विचाराल तर एसटीनं या. पूल नाही, प्लॅटफॉर्म नाही, गणेशपेठ स्टँडवर उतरलं की समोर ऑटो. अशोक चौकावरून रेशीमबाग काही लांब नाही. तुमचं तिकीट अर्धं लागेल, अन् आई पंचाहत्तरीच्या वर असतील तर त्यांचं फुकट. आधार कार्ड सोबत ठेवा.

ऑटोवाल्याले 'रेशीमबाग मैदानाजवळचं सुरेश भट' असं पूर्ण सांगा. नुसतं 'नाटकाचा हॉल' म्हणाल तर तो वसंतराव देशपांडे सभागृह समजून सिव्हिल लाइन्सले नेईल, म्हणजे गावाच्या दुसऱ्याच टोकाले. भाडं बसायच्या आधी ठरवा.

वर्ध्याची_वाचक:
एसटीचं डोक्यातच आलं नव्हतं! आई ७६ वर्षांची आहे, खूश झाली. पण साडेनऊला नाटक सुटल्यावर रात्रीची एसटी नको वाटते. परत येताना ट्रेन धरली तर?

पासधारक:
धरा, पण कुठली ते पाहून. भुसावळ-मुंबईकडच्या गाड्या वर्ध्यावरून जातात. बल्लारशाकडच्या सेवाग्रामला थांबतात, वर्धा जंक्शनला येत नाहीत. घाईत मिळेल ती पकडली तर तुम्ही सेवाग्रामला आणि स्कूटी वर्ध्याला. रिझर्व्हेशन आधीच करा.

सक्करदरा_कट्टा:
हे बरोबर. अन् गाडी साडेदहाच्या आतली घेऊ नका. मराठी नाटक वेळेवर सुरू झालेलं मी अजून पाहायचो आहे. जवळपास दोन हजार खुर्च्यांचं सभागृह आहे, भरलं असलं की सुटल्यावर गेटवर ऑटोसाठी झुंबड उडते. आईले आतच बसू द्या, तुमी मोबाइलवर कॅब बोलवा, गाडी गेटवर लागली की मग त्यांना बाहेर आणा. मेट्रोच्या भरवशावर राहू नका, दहाच्या सुमारास ती बंद होते.

नाटक कोणतं आहे ते सांगितलंच नाही तुमी. तिकिटं उरली असतील तर मीही येतो.