दुधाच्या मोटारसायकलला टिकेल असं चैन-सॉकेट (चैन आणि तिची दात्यांची चाकं) कोणतं घ्यावं?

यावल_दूधवाला
राम राम मंडळी. १०० सीसीची गाडी आहे. मागे ४० लिटरच्या दोन कॅन, रोज साधारण ६० किमी, त्यातला निम्मा रस्ता केळीच्या मळ्यांमधला मातीचा. आधीचं किट (चैन आणि पुढचं-मागचं सॉकेट) ११ हजार किमीतच गेलं. आता मागच्या सॉकेटचे दाते एका बाजूला झुकलेत आणि भरल्या कॅनवर गाडी उचलताना कटकट आवाज येतो. दुकानदार म्हणतो नुसती चैन बदला, सॉकेट अजून चालतील. दोन प्रश्न: पूर्ण किट घ्यायचं की नुसती चैन? आणि कुठल्या कंपनीचं?

धुळे_गॅरेजवाला
भाऊ, पूर्ण किट. यात दुसरा विचार नको. चैन 'लांबते' म्हणतात, पण कड्यांच्या बाजूच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी फट पडते. १०० कड्यांच्या फटी जमल्या की चैन लांब झालेली दिसते. अशा चैनीने दात्यांनाही आपल्या मापाचं करून घेतलेलं असतं. त्या झुकलेल्या दात्यांवर नवी चैन चढवली की सगळा ताण दोन-तीन दात्यांवरच येतो आणि नवी चैन अर्ध्या आयुष्यात जाते. दुकानदाराने तुमचे चारशे-पाचशे वाचवले असं वाटेल, पण तो तुमचं पुढचं किट आजच विकतोय.

'गेली' हे किलोमीटरवर ठरवू नका, टेपने मोजा. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चैन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच. चैन ताणून धरा आणि २१ पिना मोजा, मधल्या कड्या २० होतात. पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चैनीत २५४ मिमी भरतं. २५९ झालं की २ टक्के झीज, चैन काढा. मोजमाप तीन-चार ठिकाणी घ्या, चैन सगळीकडे सारखी झिजत नाही. टेप नसेल तर मागच्या सॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चैन बोटाने मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दाता उघडा पडला तर संपली.

कंपनी म्हणाल तर रोलोन, डायमंड किंवा गाडीच्या कंपनीचं किट, तिन्ही चालतात. नावापेक्षा माल खरा आहे का ते बघा. खऱ्या चैनीच्या बाहेरच्या पट्ट्यांवर कंपनीचं नाव आणि नंबर ठोकलेला असतो. ओझ्याच्या गाडीला ४२८ नाही, ४२८एच घ्या. एच म्हणजे पट्ट्या जाड, माप तेच. सॉकेटचे दाते कडक केलेले हवेत. नवी कानस दात्याच्या कडेवर फिरवा: घसरली तर दाता कडक, चावून बुकणी पडली तर मऊ लोखंड, परत करा. मुलामा चढवलेला नसेल तर दात्यांच्या मुळापर्यंत तापवल्याचा निळसर-तपकिरी पट्टाही दिसतो.

तापीकाठचा_मिस्त्री
वरचं बरोबर, पण ११ हजारात किट जायचं खरं कारण ढील, म्हणजे चैनीचा सैलपणा, कमी ठेवणं असणार. बहुतेकजण कॅन उतरवून, रिकाम्या गाडीवर चैन ताणतात. कॅन चढल्या की मागचे शॉकअप दबतात, चाक वर येतं आणि चैन आणखी ताणते. मागचा अॅक्सल, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याचा) बोल्ट आणि पुढच्या सॉकेटचा शाफ्ट एका रेषेत आले की चैन सगळ्यात जास्त ताठ असते. त्या क्षणी ढील उरली नसेल तर मार चैनीवर बसतो, शिवाय गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंगही खाल्लं जातं. तो खर्च किटच्या कितीतरी पट.

करायचं असं: गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक हळूहळू फिरवा आणि चैन सगळ्यात ताठ कुठे होते ते शोधा. तिथेच खालच्या बाजूच्या मध्यावर वर-खाली मोजा. पुस्तकात दिलेलं माप घ्या, या गाड्यांना बहुधा २० ते ३० मिमी असतं. तुम्ही ३० च्या बाजूला राहा. मग स्टँड काढून, भरल्या कॅन लावून, वर एक माणूस बसवून पुन्हा बघा. तेव्हाही चैन बोटाने हललीच पाहिजे.

ताणताना अॅक्सलच्या नटासोबत सॉकेटच्या बाजूचा मोठा स्लीव्ह नट असेल तर तोही सैल करावा लागतो, विसरलात तर चाक तिरकं सरकतं. दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा, पण खुणांवर आंधळा विश्वास नको, मागून चैनीच्या रेषेत एक डोळा मिटून बघा. दात्याची एकच बाजू घासून चमकत असेल तर चाक वाकडं बसलंय. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो, तो परत सेट करा, नाहीतर ब्रेक घासत राहील.

किट बदलताना चाक उतरतंच, तेव्हा हबमधले (चाकाच्या मध्यातले) चार रबर बघून घ्या. दबून चपटे झाले असतील तर क्लच सोडताना प्रत्येक झटका थेट चैनीला. तुमची ती कटकट निम्मी तिथूनही येत असेल.

रावेर_केळी
धुळीबद्दल कोणी बोललंच नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी होते आणि तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून चैन तेलात भिजवून सोडणं हा उपाय नाही. ९० नंबरचं गिअर ऑइल, गाडी चालवून आल्यावर चैन गरम असताना, चैनीच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूने, रोलरच्या (बुशवर फिरणाऱ्या नळीच्या) दोन्ही कडांना थेंब-थेंब. चाक दोन-तीन फेरे फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी वरचं तेल चिंधीने पुसून काढा. काम करणारं तेल कड्यांच्या आत असतं, बाहेरचं फक्त माती धरतं. मळ्यातून फिरणाऱ्या गाडीला दर ३००-४०० किमीला, पावसात भिजली की त्याच दिवशी. जळकं इंजिन ऑइल नको, त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो.

आणि पूर्ण चैन कव्हर काढलं असेल तर आधी ते लावा. दिसायला बरं म्हणून लोक काढतात आणि मग किटच्या नावाने बोंब मारतात.

यावल_दूधवाला
कव्हर काढलेलंच आहे बापा 😅 लावतो. ओ-रिंगवाली चैन घेतली तर? आणि पुढे १४ च्या जागी १५ दात्यांचं सॉकेट टाकलं तर चैन जास्त टिकते म्हणतात, खरं का?

धुळे_गॅरेजवाला
ओ-रिंगमध्ये रबरी रिंगा लावून ग्रीस पिन आणि बुशच्या मध्येच कंपनीतून बंद करून येतं, त्यामुळे माती आत जात नाही. तुमच्या रस्त्याला चांगलीच. पण ती साध्या चैनीपेक्षा रुंद असते. घेण्याआधी इंजिनच्या केसिंगला आणि चैन कव्हरला घासत नाही ना ते लावून बघा. तिला पेट्रोल आणि तारेचा ब्रश बंद, रिंगा खराब होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश. वरून तेल तरीही लागतं, रोलर आणि रिंगांसाठी. रिंग एकदा फाटली की ती कडी साध्या चैनीहून लवकर जाते.

१५ चं अर्धं खरं. दाते जास्त तर कडी कमी वाकते: १४ ला २५.७ अंश, १५ ला २४. शिवाय कड्या नेहमी सम असतात. समजा चैन ११२ कड्यांची आणि दाते १४, तर ११२ भागिले १४ बरोबर ८, म्हणजे एक दाता कायम त्याच आठ कड्यांना भेटतो. १५ ला झीज सगळीकडे वाटली जाते. पण मागे ४२ असेल तर रेशो (मागचे दाते भागिले पुढचे) ३ वरून २.८ वर येतो. ८० लिटर दुधावर क्लच घासून गाडी उचलावी लागेल, चढाला तर हालच. पुढे १५ आणि मागे ४५ केलं तर रेशो तोच राहतो आणि चैनीवरचा ओढ सुमारे ७ टक्के कमी होतो. पण कड्या वाढतील, आणि ४५ चं सॉकेट पूर्ण कव्हरमध्ये बसेलच असं नाही. तुमच्या मातीत कव्हरचा फायदा त्याहून मोठा आहे. १४-४२ राहू द्या.

तापीकाठचा_मिस्त्री
चैन लॉकची (दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप घालताना बंद तोंड चैन ज्या दिशेला धावते तिकडे. मागच्या सॉकेटच्या वरच्या बाजूला बघितलं तर बंद तोंड पुढच्या चाकाकडे दिसलं पाहिजे. उलटी बसली तर कुठेतरी घासून क्लिप उडते आणि चैन सुटते. जुनी क्लिप परत वापरू नका. नवं किट बसवल्यावर पहिल्या ३००-५०० किमीत ढील एकदा वाढतेच, तेव्हा परत मोजा.