पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी आईचा व्हिडिओ जात नाही

अमळनेरचा मास्तर
जुना डेस्कटॉप, विंडोज ७. सुरू केला की गिरणी चालल्यागत आवाज. मुलीने लॅपटॉप घेऊन दिलाय. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवरून फोटो, शाळेची पत्रं सगळं नेलं. एकच फाइल अडलीय, नेमकी तीच हवी आहे. २०११ च्या श्रावणात कानबाईच्या रोटांना (आमच्या खानदेशातला देवीचा सण) आईने गाणी म्हटली होती. हँडीकॅमच्या टेपवरून उतरवलेला अर्धा तास, ६.२ जीबी. पेनड्राइव्हवर ४१ जीबी रिकामी, तरी म्हणतो फाइल फार मोठी आहे!

दुसरं, तीच गाणी मी कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. लॅपटॉपवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. आई आता नाही, पुन्हा विचारायचं कुणाला?

भुसावळचा खटपट्या
जागेचा प्रश्नच नाही भो. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही. आतलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि तिथे एक्सफॅट निवडा, त्यात मोठी फाइल बसते. फॉरमॅटने पेनड्राइव्ह पुसला जातो, घाई नको. आणि कट करू नका, कॉपीच करा. मध्येच लाइट गेली तर? आवाज पंख्याचा असेल तर ठीक, हार्डडिस्क कटकट करत असेल तर आधी हा व्हिडिओ, बाकी नंतर.

चोपड्याची सून
मास्तर, गाणी कुठे गेली नाहीत. फक्त फॉन्ट आला नाही. जुन्या मशीनवर सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स. तिथून कृतिदेव कॉपी करून लॅपटॉपवर इन्स्टॉल करा. दिसायला लागलं की युनिकोडमध्ये (त्याला असा खास फॉन्ट लागत नाही) बदलून घ्या, नाहीतर पुढच्या लॅपटॉपला हेच रडगाणं. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी तपासा, तिथेच घोळ होतो.

अमळनेरचा मास्तर
गेला! जुनं यूएसबी, पाच-सात मिनिटं पट्टी सरकत होती आणि मी चहा हातात धरून तसाच. शेवटी आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "बंद कर आते (आता)." फॉन्टही बसला. व्हिडिओ लावून गाणी ताडून पाहिली, तर एका गाण्यातली ओळ टाइप करताना मीच गाळली होती.

चोपड्याची सून
ती ओळ टाका ना इथे. आमच्याकडे वेगळी म्हणतात बहुतेक.