मदत हवी आहे: वनस्पतींवरचे प्रयोग शिक्षकांना शिकवणारं प्रशिक्षण, कोल्हापूर परिसरात

करवीर तालुक्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) पानाच्या खालच्या बाजूला असतात, असं मी इतकी वर्षं बिनधास्त सांगत आले. यंदा रंगहीन नेलपॉलिश आणि सेलोटेपने पानांचे ठसे काढायला लावले. एका पोराने घरच्या रानातलं उसाचं पान आणलं, तर रंध्रं दोन्ही बाजूंना! "मॅडम, मग ऊस चुकला का आपण?"

घरी वाचून त्याला उत्तर दिलं, की गवतवर्गात तसं असतं. पण तोवर दुसरी विचारून बसली, लागणीच्या (नव्याने लावलेल्या) आणि खोडव्याच्या (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या) उसाच्या पानात रंध्रांची संख्या वेगळी असेल का? हे कुठल्या गाईडात मिळणार? मोजून बघू म्हटलं आणि तिथंच अडकले. किती पानं घ्यायची, शेंड्याकडची की बुडाकडची, मोजणाऱ्या दोघी मुलींचे आकडे जुळले नाहीत तर काय समजायचं?

आजवरच्या प्रशिक्षणांत स्लाईड बघितल्या, नाष्टा केला, प्रमाणपत्र घेतलं. हात काही भिजले नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण म्हटलंय. त्यातले दहा तरी असे मिळावेत.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शाळेच्या शिक्षकांना असं काही शिकता येतं का? मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात किंवा पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत कुणी जाऊन आलंय का? मे महिन्यात जमेल. सूक्ष्मदर्शक दोनच आहेत, पोरं ५८.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक): ताई, विद्यापीठात विभागप्रमुखांना मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन प्रत्यक्ष भेटा. ईमेलची वाट बघू नका. तोवर मोजणी सुरू करा. वरून तिसरं पूर्ण उघडलेलं पान, त्याचा मधला भाग, लागण आणि खोडवा दोन्हींची पाच-पाच झाडं. जात एकच हवी, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. सूक्ष्मदर्शकात १०० पटीत पारदर्शक पट्टी ठेवून दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे दिसणाऱ्या गोलाचा, व्यास मोजा, ४०० पटीत तो चौथा हिस्सा होतो. १.८ मिमी असेल तर ०.४५. त्यावरून क्षेत्रफळ काढा. एकच ठसा दोघींनी वेगवेगळा मोजायचा, म्हणजे फरक पानाचा की मोजणाऱ्याचा ते दिसेल. फोल्डस्कोप हा कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर मोबाईल लावून फोटोवरच मोजता येईल.

धागाकर्ती: सर, जात! ते डोक्यातच आलं नव्हतं. पोराचा खोडवा ८६०३२ जातीचा आहे, दुसऱ्या रानातली लागण कुठली ते उद्या विचारते. प्रशिक्षणाला जाऊन आलेले कुणी असतील तर जरूर लिहा.